पॅरिसमधला एक अख्खा दिवस सो गावाला

पॅरिसला जाणाऱ्या मराठी माणसाचे दिवस बहुधा घरून निघण्याआधीच वाटले गेलेले असतात. आयफेल टॉवर, सेन नदीतली बोट, लूव्हर, व्हर्साय नाहीतर डिस्नेलँड, आणि लगेच स्वित्झर्लंडची बस. सहलीच्या पत्रकात एखादा मोकळा दिवस दिलेला असतो, तो खरेदीत संपतो. दुसरीकडे, ज्यांची मुले पॅरिसच्या दक्षिणेला ओर्से, मासी, पालेझो या भागांत शिकायला किंवा नोकरीला आहेत असे आईबाबा महिना-दोन महिने राहायला येतात. शनिवार-रविवारी मुले त्यांना हिंडवतात, पण मधल्या पाच दिवसांत एकट्याने कुठे जायचे हा प्रश्न उरतोच. या दोघांनाही माझे सांगणे एकच आहे. एक अख्खा दिवस बाजूला काढा आणि तो सो या उपनगराला द्या.

सो हे पॅरिसच्या मध्यापासून दक्षिणेला साधारण दहा किलोमीटरवरचे गाव. गावच म्हणावे असा त्याचा बाज आजही टिकून आहे. एक मुख्य रस्ता, एक चर्च, एक नगरपालिका, कुंपणांवरून झुकलेली झाडे, आणि या सगळ्याला लागून सुमारे १८० हेक्टरांचे उद्यान. ज्या ल नोत्रने व्हर्सायच्या बागा आखल्या त्यानेच हेही आखले. व्हर्सायला सोनेरी फाटकापाशीच रांग लागते. इथे उद्यानात शिरायला तिकीट नाही, आणि मंगळवारी सकाळी गेलात तर धावायला आलेली माणसे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया आणि काठी टेकत चालणारे आजोबा एवढेच भेटतात. बागेची ती शिस्त, तो पाण्याचा पसारा निवांतपणे पाहायचा असेल तर मी व्हर्सायआधी सोचे नाव घेईन.

जायचे कसे ते आधी नीट सांगतो, कारण चुकायची शक्यता तिथेच आहे. पॅरिसच्या पोटातून उत्तर-दक्षिण जाणारी आरईआर बी ही निळ्या रंगाची लोकल पकडायची. गार द्यु नॉर, शातले, सँ-मिशेल, लक्झेंबर्ग, दाँफेर-रोशरो ही तिची शहरातली मोठी स्थानके. दक्षिणेला बूर-ला-रेन या स्थानकापुढे मार्गाला दोन फाटे फुटतात. एक फाटा छोटा आहे. तो सो, फोंतने-ओ-रोझ करत रोबिन्सनला संपतो. दुसरा लांबचा फाटा पार्क द सो, क्रुआ द बेर्नी, आँतोनी, मासी असा पुढे साँ-रेमीपर्यंत जातो. म्हणजे ‘सो’ आणि ‘पार्क द सो’ ही वेगवेगळ्या फाट्यांवरची दोन स्थानके आहेत. फलाटावरच्या फलकात पुढच्या गाडीच्या स्थानकांची नावे उजळलेली असतात. आपले नाव त्यात आहे ना, हे पाहूनच चढा. चुकीच्या गाडीत बसलात असे वाटले तर बूर-ला-रेनला उतरून पुढच्या गाडीची वाट पाहायची. नावाचे स्पेलिंग लांबलचक आहे, एस-सी-ई-ए-यू-एक्स, आणि उच्चार नुसता ‘सो’. फलकावर ते शोधताना डोळ्यांनी अक्षरे ओळखावी लागतात, कान उपयोगी पडत नाहीत.

तिकिटाची भानगड आता पुष्कळ सोपी झाली आहे. पूर्वी शहराचे तिकीट वेगळे आणि उपनगराचे वेगळे असायचे. जानेवारी २०२५ पासून मेट्रो आणि आरईआरचे एकेरी तिकीट पॅरिसच्या सगळ्या परिसरात एकाच भावाचे झाले. त्या वर्षी ते २.५० युरो होते, आणि वर्षाच्या सुरुवातीला त्यात थोडी वाढ होते. विमानतळाचा प्रवास तेवढा या भावात बसत नाही, त्याचे वेगळे महाग तिकीट आहे. नाविगो ईझी नावाचे कार्ड दोन युरोंना मिळते आणि त्यावर तिकिटे भरून घेता येतात. मात्र एका कार्डावर एकाच वेळी एकच माणूस प्रवास करू शकतो. नवरा-बायको दोघे असाल तर दोन कार्डे घ्या. बाहेर पडतानाही कार्ड टेकवावे लागते आणि मध्येच तपासनीस येतात, तेव्हा ते पर्सच्या तळाशी टाकू नका. आणि हे तिकीट मेट्रो व रेल्वेपुरते आहे. बस आणि ट्रामचे तिकीट वेगळे असते.

लक्झेंबर्गहून सोला पोचायला वीस-बावीस मिनिटे पुरतात. गर्दीची वेळ सकाळी नऊपर्यंत, म्हणून साडेनऊनंतर निघा. शातले आणि गार द्यु नॉर इथे खिसेकापूंचा वावर असतो. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायची आणि मोबाइल दाराजवळ उभे राहून पाहायचा नाही. उन्हाळ्यात, विशेषतः ऑगस्टमध्ये, दुरुस्तीसाठी या मार्गाचे काही टप्पे बंद ठेवतात. आदल्या रात्री ईल-द-फ्रान्स मोबिलिते या सरकारी अ‍ॅपवर एकदा नजर टाकली की सकाळची फजिती टळते.

वेळ असेल तर दाँफेर-रोशरोला पाच मिनिटे उतरा. तिथली स्थानकाची इमारत सरळ नसून कमानीसारखी वळलेली आहे, आणि त्याला कारण हीच सोची गाडी. १८४६ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हा आर्नू नावाच्या अभियंत्याने डबे तीव्र वळणे घेऊ शकतील अशी खास रचना केली होती. रूळ नेहमीपेक्षा रुंद होते, आणि इथे, तेव्हाच्या शेवटच्या स्थानकात, इंजिन सुटे न करता अख्खी गाडी गोल वळसा घेऊन परत फिरायची. फलाट त्या वळशाला धरून बांधले गेले, आणि इमारतीचा आकारही तसाच झाला. पुढे रूळ बदलले, विजेची गाडी आली, इमारत मात्र तशीच राहिली. आज आपण बसतो त्या लोकलच्या मार्गाने तेव्हा पॅरिसचे लोक रविवारी सोच्या हिरवाईत जायचे. रोबिन्सन हे टोकाचे नावही त्याच काळाचे आहे. १८४८ मध्ये तिथल्या एका खानावळवाल्याने चेस्टनटच्या झाडावर मचाण बांधून जेवणाची टेबले मांडली, जेवण टोपलीतून दोरीने वर चढवले जायचे. बेटावर झाडात घर करून राहणाऱ्या रोबिन्सन कुटुंबाच्या गोष्टीवरून त्या जागेला नाव पडले आणि पुढे अख्ख्या गावाला चिकटले.

माझा सल्ला असा की जाताना सो स्थानकावर उतरा आणि येताना पार्क द सोवरून परता. म्हणजे आधी गाव, मग उद्यान, आणि आल्या वाटेने मागे चालत जावे लागत नाही. पायांत मऊ तळव्याचे बूट हवेत, कारण उद्यानातल्या वाटा बारीक खडीच्या आहेत. पॅरिसचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो अर्धा तास बुरबुरतो आणि थांबतो, तेव्हा छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट सोयीचे.

स्थानकातून गावात शिरल्यावर दहा-बारा मिनिटांत रू उदाँ हा मुख्य रस्ता लागतो. त्याच्या मध्याच्या भागात वाहने नाहीत, माणसेच चालतात. बेकरी, चीजवाला, पुस्तकांचे दुकान, फुलवाली, कॉफीची टेबले. इथे एक गोष्ट मनापासून पाळा: दुकानात पाऊल टाकताच, काहीही विचारण्याआधी, ‘बाँजूर’ म्हणा. आपल्याकडे दुकानात शिरून थेट ‘पाव किलो द्या’ म्हटले तरी कुणाला राग येत नाही. फ्रान्समध्ये मात्र अभिवादन न करता बोलणे हा उद्धटपणा धरतात, आणि मग आपण म्हणतो की फ्रेंच लोक तुसडे आहेत. बाँजूर म्हणा, निघताना ‘मेर्सी, ओ रव्हार’ म्हणा, आणि मोडक्या इंग्रजीतून समोरचा माणूस किती मदत करतो ते पाहा. शहरापेक्षा अशा गावात याचा प्रत्यय जास्त येतो, कारण इथले गिऱ्हाईक रोजचे असते आणि दुकानदाराला घाई नसते.

वेळापत्रक मात्र त्यांचेच पाळावे लागते. दुपारी साडेबारा ते तीनच्या दरम्यान पुष्कळ छोटी दुकाने बंद असतात. उपाहारगृहात जेवण साधारण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रविवारी सकाळी बेकरी उघडी असते कारण लोकांना ताजा पाव हवा असतो, दुपारी शुकशुकाट. सोमवारी अनेक दुकाने बंद, आणि उद्यानातले संग्रहालयही बंद. ऑगस्टमध्ये तर दुकानदारच सुट्टीवर जातात आणि दारावर तारखांचा कागद चिकटवलेला दिसतो. म्हणून मंगळवार ते शुक्रवार यांतला दिवस निवडा. १ मे टाळा.

रस्त्याच्या एका बाजूला साँ-जाँ-बातिस्त चर्च आहे आणि त्याला लागून फेलिब्रांची बाग. फेलिब्र म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हाँसाल भाषेसाठी झटणारे कवी. गोष्टीरूप कविता लिहिणारा फ्लोरियाँ १७९४ मध्ये सोला वारला, त्याची समाधी इथे आहे. तो दक्षिणेकडचा, म्हणून पॅरिसमधले हे कवी पुढे त्याच्या स्मरणासाठी इथे जमू लागले आणि बागेत एकामागून एक कवींचे अर्धपुतळे उभे राहिले. राजधानीच्या उंबरठ्यावर दुसऱ्याच भाषेच्या कवींनी मांडलेले हे छोटे अंगण मला फार मोलाचे वाटते. बसायला बाक आहेत, दहा मिनिटे तरी बसा.

आता सोला जायचे दुसरे कारण, आणि माझ्या दृष्टीने पहिल्याइतकेच मोठे. मादाम क्यूरी आपल्याकडे शाळेपासून ओळखीच्या आहेत. त्यांच्या आयुष्याचे धागे या गावात गुंतलेले आहेत, हे मात्र सहलीत कुणी सांगत नाही. पिएर क्यूरीचे आईवडील सोला राहायचे. वडील डॉक्टर, घराला बाग. २६ जुलै १८९५ रोजी सोच्या नगरपालिकेत पिएर आणि मारी यांचे नोंदणी लग्न झाले. ना चर्च, ना पांढरा पोशाख. मारीने गडद निळा साधा पोशाख घातला, कारण तो पुढे प्रयोगशाळेत वापरता येणार होता. लग्नात आहेर म्हणून मिळालेल्या पैशांतून दोघांनी सायकली घेतल्या आणि त्यांवरून फ्रान्समध्ये भटकत लग्नानंतरची सुट्टी काढली. त्यानंतर अकरा वर्षेही झाली नव्हती, तोच १९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या रस्त्यात घोडागाडीखाली सापडून पिएर गेला. त्याला सोच्या दफनभूमीत आईशेजारी पुरले.

पुढे मारी दोन मुली आणि सासऱ्यांना घेऊन सोलाच राहायला आली. सोर्बोनमध्ये शिकवायला ती इथून रोज याच मार्गाच्या गाडीने जायची. घरी नातींना सांभाळणारे, त्यांना झाडे-पाखरे ओळखायला शिकवणारे ते म्हातारे डॉक्टर १९१० मध्ये वारले. १९११ हे साल तर तिच्या आयुष्यातले विलक्षण साल. त्या वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, आणि त्याच सुमारास वृत्तपत्रांनी तिच्या खासगी आयुष्यावर चिखल उडवला. सोच्या घरासमोर जमाव जमला, दगड पडले. त्यानंतर ती पॅरिसमध्ये राहायला गेली. आज शांत वाटणाऱ्या या गल्ल्यांनी ते दिवसही पाहिले आहेत. ४ जुलै १९३४ रोजी मारीचे निधन झाले आणि तिलाही इथेच, पिएरजवळ ठेवले.

साठेक वर्षांनी, २० एप्रिल १९९५ रोजी, दोघांच्याही शवपेट्या इथून काढून समारंभाने पॅरिसच्या पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकात नेल्या. स्वतःच्या कर्तृत्वावर तिथे जागा मिळालेली ती पहिली स्त्री. सोच्या दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाची जागा अजून आहे, आणि त्यांची मुलगी इरेन व जावई फ्रेदेरिक ज्योलिओ, तेही नोबेलविजेते, याच दफनभूमीत आहेत. पाँतेआँ हे लक्झेंबर्ग स्थानकापासून चालत जाण्याजोगे, म्हणजे त्याच रेल्वेमार्गावर. शक्य असेल तर आधी एखाद्या दिवशी पाँतेआँ पाहून घ्या आणि मग सोला या. त्या भव्य तळघरातल्या शवपेट्या पाहिल्यावर इथल्या साध्या फरशीसमोर उभे राहणे वेगळे असते. दफनभूमीत जाताना आवाज खाली ठेवा, समाधीवर बसू नका, फोटो काढायचा तर आसपास कुणी शोकात नाही ना हे पाहा.

जेवणाचे बोलू. शाकाहारी माणसाची अशा गावात उपासमार होत नाही, पण विचारून खावे लागते. सर्वांत भरवशाची जागा बेकरी. ‘बागेत’ या साध्या लांब पावात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच असते. अंडे न खाणाऱ्यांनाही तो चालतो. क्रोवासाँवर मात्र चमक यावी म्हणून वरून अंडे लावतात. किश दिसायला भाजीची वाटली तरी तिच्यात अंडे असतेच, आणि किश लोरेनमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. मसुराच्या सॅलडमध्येही ते तुकडे घालायची पद्धत आहे, तेव्हा ‘सां व्यांद, सां प्वासाँ’, म्हणजे मांसाशिवाय, मासळीशिवाय, हे चार शब्द पाठ करा. नुसते ‘व्हेजेतारियँ’ म्हटले तर कधी कधी मासा पुढे येतो. काटेकोर शाकाहारी असाल तर चीजविषयी एक गोष्ट माहीत असावी: काँते, रोकफोर, अस्सल कामाँबेर अशा परंपरागत चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातले रेनेट वापरतात. बाकीच्यांनी मात्र चीजवाल्याकडून दोन-तीन प्रकारांचे छोटे तुकडे, एक ‘बागेत’ पाव, हंगामातली फळे असे घ्यावे आणि उद्यानात जाऊन खावे. इथल्या लोकांचीही दुपार अशीच जाते. सोबत घरून पोळी-भाजी आणली असेल तर उत्तम, बाकावर बसून डबा उघडण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. तेवढे उरलेले सगळे कचरापेटीत टाका आणि पक्ष्यांना भात-पोळी घालू नका.

उद्यानाचा इतिहास थोडा सांगतो, कारण तो कळला की जे दिसते त्याला अर्थ येतो. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६७० मध्ये ही जागा विकत घेतली. ल नोत्रने बागा आखल्या, चित्रकार ल ब्रँने ‘पाव्हियाँ द लोरोर’ या छोट्या घुमटाकार मंडपाच्या छतावर उषादेवी रंगवली. तो मंडप आजही आहे, उघडा मिळाला तर मान वर करून पाहाच. कोल्बेरच्या मुलाने एक किलोमीटरहून लांब कालवा खोदवला आणि वास्तुविशारद आर्दुएँ-माँसारकडून १६८६ मध्ये संत्र्याच्या झाडांसाठी ओराँजरी बांधून घेतली. हिवाळ्यात कुंड्या आत ठेवायच्या, उन्हाळ्यात बाहेर. आता तिथे मैफली होतात. १७०० मध्ये राजाचा मुलगा मेनचा ड्यूक इथे आला आणि त्याच्या बायकोने या जागेचा दरबार केला. तिला झोप येत नसे, म्हणून १७१४-१५ मध्ये रात्रभर नाटके, संगीत, आतषबाजी चालायची. सोच्या महारात्री म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. १७४७ मध्ये राजदरबाराची नाराजी ओढवून घेतलेला लेखक व्होल्तेर तिच्याच आश्रयाला येऊन लपला होता.

क्रांतीनंतर हे सगळे जप्त झाले. ज्या व्यापाऱ्याने जागा घेतली त्याने राजवाडा पाडून बागांची शेते केली. आज दिसतो तो विटा आणि दगडांचा वाडा नंतरचा, १८५६ पासून त्रेव्हीझच्या ड्यूकने बांधलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाग रानासारखी माजली होती आणि पॅरिस शहर तिच्या भिंतीपर्यंत वाढत आले होते. इथे खरा निर्णय झाला. १९२३ मध्ये सेन जिल्ह्याच्या प्रशासनाने ही सगळी मालमत्ता लोकांसाठी विकत घेतली. कडेची काही जमीन घरांसाठी विकली आणि त्या पैशातून मधले उद्यान पुन्हा उभे केले. लेओं आझेमा या वास्तुविशारदाने ल नोत्रचा आराखडा धरून काम केले. वाड्यात १९३७ पासून संग्रहालय आहे. आपल्या शहरांत मोकळ्या जागांवर इमारती बांधणाऱ्यांचे डोळे असताना हे वाचले की मला त्या निर्णयाबद्दल आदर वाटतो. उद्यानाभोवतीचे ते टुमदार बंगले आणि आतली मोकळी हिरवळ या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, आणि हिरवळीची बाजू मोठी ठेवण्याचे भान तेव्हाच्या लोकांना होते.

गावातून मुख्य फाटकाने आत या. दोन्ही बाजूंना दगडी शिल्पे आहेत, एकीकडे ड्रॅगनशी झुंजणारा एकशिंगी घोडा आणि दुसरीकडे लांडग्याशी झुंजणारा कुत्रा. सचोटी आणि निष्ठा, ही कोल्बेरने स्वतःसाठी निवडलेली प्रतीके. वाड्याला वळसा घालून मागच्या गच्चीवर गेले की समोर फुलांचे ताटवे आणि त्यापुढे दूरवर हिरवा पट्टा उलगडतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी एवढेच केले तरी दिवस वाया जात नाही. गच्चीवर बाक आहेत, वाडा, मंडप, ओराँजरी सगळे जवळ आहे, आणि सपाट आहे.

चालू शकणाऱ्यांनी मेनच्या ड्यूकच्या बायकोच्या नावाच्या, झाडांच्या रांगेतल्या वाटेने ग्राँद कास्काद या पाण्याच्या पायऱ्यांकडे जावे. मूळचा धबधबा नष्ट झाला होता; आझेमाने तो १९३० च्या दशकात नव्याने रचला आणि त्यात शिल्पकार रोदँने घडवलेले मुखवटे बसवले, जे आधी पॅरिसच्या त्रोकादेरो राजवाड्यात होते. जगातले लोक रोदँ पाहायला संग्रहालयात जातात, इथे त्याच्या मुखवट्यांच्या तोंडून पाणी वाहते आणि शेजारी मुले खेळत असतात. पाणी सतत सोडलेले नसते, कोरड्या पायऱ्या दिसल्या तर वाईट वाटून घेऊ नका. खाली उतरले की ऑक्टोगॉन हा अष्टकोनी तलाव, मध्ये उंच कारंजे, आणि त्याला जोडून तो लांब कालवा. कालव्याच्या काठाने उंच सडपातळ पॉप्लर आहेत. डिसेंबर १९९९ च्या वादळाने इथली असंख्य झाडे आडवी केली, त्यानंतर मोठी लागवड झाली. तलावापलीकडे पाव्हियाँ द आनोव्हर नावाची एक देखणी इमारत दिसेल. अठराव्या शतकातली ही वास्तू पॅरिसच्या मोठ्या रस्त्यावर उभी होती, तिथली जागा हवी झाली तेव्हा दगड न दगड सुटा करून ती इथे आणून उभारली.

एप्रिलच्या मध्यास जात असाल तर चेरीच्या दोन बागा शोधा. उत्तरेकडच्या बागेत दुहेरी पाकळ्यांची गडद गुलाबी फुले, दक्षिणेकडच्या बागेत पांढरी. पॅरिसमध्ये राहणारे जपानी लोक इथे झाडांखाली चटया अंथरून फुलांचा सण करतात, आणि त्यांच्यामागोमाग सगळे पॅरिस येते. त्या आठवड्यात शनिवार-रविवारी इथे शांतता शोधू नका. बुधवारी दुपारी शाळांना सुट्टी असते, तेव्हाही गर्दी. मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी दहाच्या आत पोचा. फांद्या वाकवून फोटो काढू नका, मोहोर हलका असतो. पांढरी बाग गुलाबीपेक्षा कमी लोक पाहतात, मला ती अधिक आवडते.

ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बदलायला लागतात आणि वाटांवर चकचकीत तपकिरी चेस्टनट पडलेले असतात. ते गोळा करून भाजायचा मोह होईल, पण उद्यानातल्या रांगांमधले हे घोडचेस्टनट विषारी असतात. खायचे चेस्टनट वेगळ्या झाडाचे. त्यांच्या वेष्टनावर साळिंदरासारखे दाट काटे असतात आणि फळाला शेंडीसारखे टोक असते. नातवंडे बरोबर असतील तर आधीच बजावून ठेवा.

उद्यान अंधार पडायच्या सुमारास बंद होते, आणि तिथला अंधार ऋतूप्रमाणे फार बदलतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये पाचलाच अंधारायला लागते. बंद व्हायची वेळ फाटकावर लिहिलेली असते. आत शिरतानाच ती पाहून ठेवा आणि तिच्या अर्धा तास आधी बाहेरच्या दिशेने चालायला लागा, कारण कालव्याच्या टोकाहून फाटकापर्यंतचे अंतर वाटते त्यापेक्षा जास्त आहे. हिरवळीवर बसायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, फुलांच्या ताटव्यांत आणि ‘पलूज ओ रपो’, म्हणजे विश्रांतीला ठेवलेली हिरवळ, असा फलक असेल तिथे पाय ठेवायचा नाही.

बंगल्यांच्या गल्ल्यांतून हिंडताना एक पथ्य मात्र पाळायला हवे. इथे माणसे राहतात. फाटकातून आत डोकावून, दारापुढे उभे राहून फोटो काढू नयेत. मुलांचे फोटो तर अजिबात नाहीत. रस्त्यात मोबाइलचा स्पीकर लावून भारतात बोलू नये. आपल्या सवयीचा आवाज तिथल्या शांततेत फार मोठा होतो, आणि खिडक्यांमागे कुणी आजारी, कुणी अभ्यास करणारे असू शकते.

पाय अजून चालत असतील किंवा दुसरा दिवस मिळत असेल तर पुढचे एक ठिकाण सुचवतो. गावाच्या पश्चिमेकडून ‘कुले व्हर्त’ नावाची हिरवी पायवाट जाते. जलदगती रेल्वेचा मार्ग काही ठिकाणी झाकून त्यावर आणि त्याच्या कडेने ही वाट केली आहे. मासीपर्यंत सायकलने किंवा चालत जाता येते. तिच्यावरून शातने-मालाब्रीत उतरले की वाले-ओ-लू ही दरी लागते. लेखक शातोब्रियाँने १८०७ मध्ये इथे घर घेतले आणि प्रवासात पाहिलेली झाडे आपल्या हाताने लावली. जवळच्या वृक्षोद्यानात अ‍ॅटलास पर्वताकडच्या निळ्या देवदाराचे एक झाड आहे, त्याच्या फांद्या खाली लोंबून एका मोठ्या छपरासारख्या पसरल्या आहेत. ते झाड बघायला अर्धा तास ठेवा. परतायला २०२३ मध्ये सुरू झालेली दहा नंबरची ट्राम शातने-मालाब्रीतून क्रुआ द बेर्नीला सोडते, आणि तिथून आरईआर बी.

परतीच्या गाडीत पार्क द सोहून बसलात तर तीच गाडी गार द्यु नॉरपर्यंत नेते, आणि त्या स्थानकाच्या मागे ला शापेल भागात श्रीलंकन तमिळ आणि दक्षिण भारतीय माणसांच्या खानावळींची ओळ आहे. दिवसभर पाव-चीज खाल्ल्यावर तिथे गरम डोसा आणि फिल्टर कॉफी मिळते. रात्री आठनंतर तिथे बसायला जागा मिळायला वेळ लागतो, सातच्या सुमारास पोचा.